कौल

खानापुरात, कारखान्यात, आई कौलं वाजवायची.
भट्टीतून निघालेलं, अजून ऊबदार,
एकेक तळहातावर तोलून
बोटाच्या पेरानं टिचकी.
खणखणलं तर उजवीकडे.
बद्द वाजलं तर डावीकडे, फुटक्यांत,
चीर डोळ्यांना दिसो न दिसो.
बाबा थट्टेनं म्हणायचे,
लोक देवाला कौल लावतात, आमची बाई कौलालाच कौल लावते.
दिवसाला नऊशे. नखं कायमची तांबडी,
प्रभुभोजनाचा पेला धरतानाही तांबडी.

त्या वर्षी लेंतच्या दिवसांत तिनं साखर सोडली.
वाचलेली साखर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
रोज दोन चमचे, बोटानं सपाट केलेले.
डबा कुणाला द्यायचा ते ठरलं नव्हतं.
खरं सांगायचं तर ती तो हलवून बघायची.
महिला मंडळात कुणी विचारलं नसताना
"माझं यंदा बिनसाखरेचं" असं एकदा बोलून गेली,
आणि घरी येऊन भांड्यांवर राग काढला.

चौकातल्या पाटीवर कुणी डांबर फासलं होतं,
आधी आमच्या अक्षरांवर,
आठवड्यानं त्यांच्या.
बाबा म्हणाले, थोडे दिवस पलीकडच्या खोल्यांकडे नको जाऊस.
पलीकडच्या खोल्यांत निंगव्वा,
बैलहोंगलकडून मुलामागं आलेली.
बाळाप्पा ट्रकमध्ये कौलं चढवायचा. थप्पी कोसळली.
मांडीचं हाड दोन जागी.
बेळगावच्या सिव्हिलातून आला तो खाटेवरच.

आई गेली. बाबांना सांगून गेली, विचारून नाही.
तिचं कन्नड म्हणजे "ऊटा आत?" आणि शंभरापर्यंत आकडे.
निंगव्वाचं मराठी म्हणजे पगार, उद्या, भाकरी.
आई बाळाप्पाचं भांडं उचलायची,
पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलून द्यायची.
निंगव्वा उंबऱ्यात बसून यल्लम्माचं नाव घ्यायची,
आई आपली प्रार्थना मनात.
मोठ्यानं म्हटली असती तर मदतीचं बिल झालं असतं,
असं पुष्कळ वर्षांनी बोलली.
साखरेचा डबा तिसऱ्या आठवड्यात तिकडे गेला
आणि तिकडेच राहिला.
रोजचे दोन चमचे मग कागदाच्या पुडीतून.

उत्तम शुक्रवार. बारा ते तीन उपासना.
वर पत्रा, एकच पंखा, तोही पाळकसाहेबांकडे वळलेला.
आईनं सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं.
पाचव्या उद्गाराला, तहानेच्या,
तिनं ओठांवरून जीभ फिरवलेली मी पाहिली
आणि दुसरीकडे बघितलं.

परत येताना वाटेत निंगव्वा उभी,
पितळी पेला पदरात धरून.
त्या सकाळी बाळाप्पा भिंतीला धरून चार पावलं चालला होता.
दाट चहा. साखर इतकी की तळाशी तशीच.
"कुडी, अक्का."

दोन दिवस उरले होते.
आई घेत नाही, मी म्हणणारच होतो,
पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की जीभ टाळूला चिकटली.
पेला दोन्ही हातांत घेऊन,
भर रस्त्यात, मंडळीतली माणसं शेजारून जात असताना,
ती सगळा प्यायली.
तळची साखर तांबड्या बोटानं पुसून चाटली.
एस्तेरबाई छत्री मिटायची विसरून बघत होत्या.

रात्री बाबा म्हणाले, मोडलंस ना शेवटी?
"मोडलं."
मग पेरानं स्वतःच्या छातीच्या हाडावर
एक टिचकी मारून ऐकत बसली.
कसं वाजलं?
"आपलं आपल्याला कुठं कळतं," ती म्हणाली
आणि माझ्याकडे वळली:
"तो पेला घासून ठेव. उद्या देऊन ये.
रिकामा नेऊ नकोस."

घरात साखर नव्हती.
मीठ होतं, थोडं तिखट,
आणि शेवग्याच्या चार शेंगा.
त्या पेल्यात उभ्या राहीनात.
एका हातानं पेला, दुसऱ्यानं शेंगा सावरत
डांबराच्या पाटीखालून गेलो.